बंदुकीचा जोडतुकडा आणि लेथवाल्याची ऑर्डर

आमच्या बाजारातील एका लेथवाल्याकडे मागे एक गृहस्थ अ‍ॅल्युमिनियमचा नमुना घेऊन आले. मुठीत मावेल एवढा तुकडा. एक बाजू खाचा पाडून बसती केलेली, मध्ये बोल्टचे छिद्र. दुसऱ्या बाजूला मोठे भोक आणि त्यात बारीक आटे. असे ३०० नग हवेत, निम्मे पैसे आगाऊ रोख, असा सौदा. लेथवाला पॉवरलूमचे सुटे भाग करणारा. हात साफ, पण इंग्रजी येत नाही. नमुन्यासोबत एक छापील कागद होता, तो घेऊन तो माझ्या दुकानी आला. मी कापडाचा व्यापारी. परगावच्या ऑर्डरी वाचण्याची सवय असल्यामुळे असले कागद लोक माझ्याकडे आणतात. कागदात 'रिसीव्हर' हा शब्द तीनदा आला होता. लेथवाल्याची समजूत अशी की, टेलिफोनचा काही भाग असावा. पुढच्याच ओळीत '१२ गेज' असे होते. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, हा तुकडा बंदुकीचा आहे.

त्या दिवशी मी त्याला एवढेच सांगितले की, आगाऊ रक्कम घेऊ नकोस, चार दिवस थांब. मग माहिती काढली. माझा एक भाचा अमेरिकेत टेक्सास राज्यात नोकरीला आहे. तिथे बंदूक बाळगणे ही सर्रास गोष्ट. त्याने स्वतःच्या बंदुकीला असाच तुकडा बसविलेला होता. त्याच्याशी दोन रात्री फोनवर बोललो, काही वाचले आणि कायद्याचे पुस्तक उघडले. ती सर्व माहिती कारागीर बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

तुकडा कशासाठी?

लांब बंदुकीचे ठोकळ मानाने तीन भाग. पुढे नळी. मध्ये लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पेटी, जिच्यात काडतूस आत घेणारी, डागणारी व रिकामे टरफल बाहेर फेकणारी यंत्रणा असते. हीच पेटी म्हणजे 'रिसीव्हर'. आणि मागे खांद्याला टेकवायचा भाग, त्याला आपण दस्ता म्हणतो, उर्दूत कुंदा. जुन्या बंदुकीचा दस्ता अक्रोडाच्या किंवा दुसऱ्या एखाद्या लाकडाचा, एकसंध आणि एकाच मापाचा.

आता गंमत अशी की, माणसे एका मापाची नसतात. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर मोठ्या माणसाला साधारण १४ इंच लागते, ठेंगण्या माणसाला १२ ते १३. शिवलेल्या सदऱ्याची बाही जशी सर्वांना बसत नाही, तसेच हे. माझ्या भाच्याची बंदूक त्याला बरोबर, पण त्याच्या बायकोला दस्ता लांब पडे. ती मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेम धरायला शिकत होती आणि खांदा काळानिळा करून घेत होती. म्हणून त्यांना मागेपुढे सरकणारा दस्ता हवा होता.

असा सरकता दस्ता अमेरिकेत मुबलक मिळतो, परंतु तो एका वेगळ्याच जातीच्या बंदुकीसाठी बनलेला आहे. तिचे नाव एआर-१५. युजीन स्टोनर या अभियंत्याची ही रचना, आर्मालाइट कंपनीची. १९५९ साली ती कोल्ट कंपनीने विकत घेतली. तिच्या मुख्य यंत्रणेचे पेटंट १९७७ साली संपले आणि मग जो तो ती बंदूक व तिचे सुटे भाग बनवू लागला. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे तेथील केंद्र सरकारच्या कायद्याने घडीच्या व सरकत्या दस्त्यांवर काही बंदुकांच्या बाबतीत बंधन होते. ते संपल्यावर हा बाजार आणखी फोफावला. एकाच मापाचे दस्ते शेकडो कारखाने बनवू लागले, म्हणजे भाव उतरला आणि पसंतीला वाव वाढला. साहजिकच ज्यांच्याकडे दुसऱ्या जातीची बंदूक होती, त्यांनाही तोच दस्ता हवासा वाटू लागला.

जोडतुकड्याचा धंदा येथे जन्मतो. बंदूक एका कंपनीची, दस्ता दुसऱ्या जातीचा, मध्ये तिसऱ्याचा तुकडा. कॅलिफोर्नियातील मेसा टॅक्टिकल नावाच्या कंपनीने रेमिंग्टन ८७०, मॉसबर्ग ५०० अशा बंदुकांसाठी असे जोडतुकडे बनवून नाव मिळविले. रेमिंग्टन ८७० ही १९५० साली बाजारात आली आणि तिचे १ कोटीहून अधिक नग बनले. एवढ्या बंदुका लोकांच्या घरात पडलेल्या असतील, तर त्यांच्या मागच्या टोकाला बसणारा तुकडा बनविणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागत नाही.

'१२ गेज' म्हणजे काय, हे सूतवाल्यांना चटकन समजेल. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या तर एका गोळीची जी जाडी, ती त्या नळीची जाडी : ०.७२९ इंच, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर. म्हणून २० गेजची नळी १२ गेजपेक्षा बारीक. आपल्याकडे सुताचा नंबर असाच उलटा चालतो. ८४० वारांच्या किती लडी एका पौंडात बसतात, तो नंबर. आकडा वाढला की सूत बारीक. दोन्ही हिशेब इंग्रजांच्या पौंडावर बेतलेले.

अर्धा मिलिमीटर

एआर जातीच्या बंदुकीत रिसीव्हरच्या मागे अ‍ॅल्युमिनियमची एक नळी आट्यांवर फिरवून बसवितात आणि तिच्यावर दस्ता सरकतो. मूळ बंदुकीत या नळीच्या पोटात स्प्रिंग व वजन असते. जोडतुकड्यावर बसविलेल्या पंप-बंदुकीत ती नळी पोकळ, केवळ दस्ता धरून ठेवणारी. या नळीचे आटे १ पूर्णांक ३/१६ इंच व्यासाचे, इंचाला १६. आमच्या लेथवाल्याकडे आलेल्या नमुन्यातले मोठे भोक हेच.

आट्यांचे माप एकच असले तरी नळीच्या अंगाची मापे बाजारात दोन आहेत. सैन्याच्या मापाची नळी १.१४८ इंच आणि खाजगी बाजारातली १.१६८ इंच. फरक ०.०२ इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. पण सैन्याच्या मापाचा दस्ता जाड नळीवर चढतच नाही, आणि जाड नळीचा दस्ता बारीक नळीवर चढविला तर खडखडतो. दोन्ही मापे का राहिली? सैन्याच्या नळीचे आटे अंगापेक्षा उंच उठविलेले असतात, त्याला मजबूत धातू व जास्त मेहनत लागते. खाजगी बाजारात आटे अंगातच कापून काढतात, ते स्वस्त पडते. स्वस्ताईसाठी बदललेले माप पुढे स्वतंत्र माप होऊन बसले आणि गिऱ्हाइकाला कायमची डोकेदुखी झाली.

मला यात नवल वाटले नाही. काही वर्षांपूर्वी वार्पिंगसाठी मी सुताचे कोन मागविले. आमच्या क्रीलवरचे होल्डर ४ अंश २० मिनिटांच्या उताराचे. पुरवठादाराने कागदी कोनाचा उतार विचारला नाही, मीही सांगितला नाही. माल आला ५ अंश ५७ मिनिटांचा. कोन होल्डरवर बसले तर खरे, पण फिरताना डुलू लागले आणि तार तुटू लागली. तीन दिवस मी सुताला दोष देत होतो. सूत उत्तम होते. उर्दू शाळेत आमचे मास्तर 'पैमाना' हा शब्द फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढीत. त्या रेघांचा अर्थ मला त्या आठवड्यात कळला.

मात्र कोन डुलला तर तार तुटते, आणि बंदुकीचा तुकडा डुलला तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. १२ गेजचा धक्का एआर जातीच्या नेहमीच्या काडतुसापेक्षा कितीतरी जोरदार असतो. तो सगळा धक्का रिसीव्हरच्या मागच्या पाठीवरून जोडतुकड्यात, तिथून नळीत आणि तिथून माणसाच्या खांद्यात जातो. तुकड्याची पाठ रिसीव्हरच्या पाठीला सर्व बाजूंनी सपाट टेकली असेल तर धक्का वाटला जातो. एका कडेला कागदाएवढी फट राहिली तर सगळा मार एका कोपऱ्यावर आणि त्या एकट्या बोल्टवर येतो.

बसविण्याची रीत

भाच्याने रेमिंग्टन ८७० ला तुकडा कसा बसविला, ते त्याच्या तोंडून ऐकले तसे सांगतो.

प्रथम बंदूक रिकामी केली. नळीतले घर आणि खालचे काडतुसांचे कोठार, दोन्ही डोळ्यांनी पाहून व बोट घालून. काडतुसे दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली. मग दस्त्याच्या मागची रबराची गादी दोन स्क्रू काढून सोडविली. आत एक लांब भुयार असते आणि त्याच्या तळाशी दस्ता रिसीव्हरला धरून ठेवणारा एकच लांब बोल्ट. तो लांब दांड्याच्या पान्याने सोडविला की दस्ता सरळ मागे निघतो. वाकडा ओढू नये, लाकूड चिरते.

नंतर नवा तुकडा रिसीव्हरच्या पाठीला नुसता टेकवून पाहिला, बोल्ट न लावता. उजेडासमोर धरून कुठे फट दिसते का, हे पाहिले. या एका पाहणीला त्याने अर्धा तास दिला, आणि मला वाटते सगळ्या कामात हाच अर्धा तास खरा. जुना बोल्ट येथे चालत नाही. तो लाकडाच्या लांबीचा असतो, तुकड्याबरोबर आलेला आखूड बोल्टच वापरावा लागतो. पहिले काही फेरे बोटांनी फिरवून घेतले. आटे सरळ धरले आहेत याची खात्री झाल्यावर मग पाना. बोल्ट गरजेपेक्षा लांब असेल तर त्याचे टोक पुढे आतल्या यंत्रणेला अडण्याची भीती, आणि आखूड असेल तर दोन-चार आट्यांवरच सारा भार.

किती आवळावे, हे बनविणाऱ्याने लिहून दिलेले असते आणि तेवढेच, मोजून आवळणाऱ्या पान्याने आवळावे. येथे दोन बंदुकांत फरक आहे. रेमिंग्टन ८७० चा रिसीव्हर पोलादाचा, मॉसबर्ग ५०० चा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. पोलादाच्या सवयीने अ‍ॅल्युमिनियमवर जोर लावला की आटे सोलून निघतात, आणि मग प्रश्न केवळ तुकड्याचा राहत नाही.

शेवटी नळी फिरवून बसविली. दस्ता उभा सरळ येईल अशा ठिकाणी ती थांबविली आणि मागून नट आवळला. या नटाच्या कडेला किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असतात. एआर बंदुकीत त्या खाचेत शेजारच्या पट्टीचा धातू ठोकून घालतात, म्हणजे धक्क्याने नट फिरत नाही. मग चाप, सुरक्षा-खटका आणि पंप, हे सारे नकली काडतुसे घालून तपासले. मैदानावर २०-२५ बार झाल्यावर बोल्ट व नट पुन्हा पाहिले. नट थोडा सुटलेला निघाला.

आता ज्या गोष्टी कागदावर ठळक लिहिलेल्या नसतात, त्या. एआरचा दस्ता नळीच्या रेषेत सरळ मागे जातो, कारण त्या बंदुकीची नेम धरण्याची जागा नळीच्या वर दोन-अडीच इंच असते. १२ गेजच्या साध्या बंदुकीला नळीच्या टोकावर केवळ एक मणी असतो, आणि म्हणूनच तिचा लाकडी दस्ता खाली उतरता असतो. सरळ दस्ता लावला की गाल वर उचलला जातो, डोळा मण्याच्या वर राहतो आणि बार वर जातो. म्हणून चांगले कारखाने दोन उंचीचे तुकडे बनवितात : मणी वापरणाऱ्यासाठी खालचा, वर दुर्बीण लावणाऱ्यासाठी उंच. भाच्याने प्रथम उंच घेतला होता, तो परत करावा लागला. आठ दिवस गेले आणि टपालखर्च पदरचा.

मॉसबर्गची आणखी एक अडचण. तिचा सुरक्षा-खटका रिसीव्हरच्या वर, मागच्या बाजूला असतो, साध्या दस्त्यावर अंगठा आपोआप तिथे पडतो. पिस्तुलासारखी मूठ असलेला दस्ता लावला की अंगठा तिथवर पोहोचत नाही, मूठ सोडावी लागते. रेमिंग्टनचा खटका चापाच्या मागे आडवा, त्याला ही अडचण नाही. तुकडा दोन्ही बंदुकांना उत्तम बसतो, पण एकीला शोभतो आणि दुसरीला नडतो.

आणि काही बंदुकांना हा तुकडा बसतच नाही. रेमिंग्टन ११०० सारख्या आपोआप भरणाऱ्या बंदुकीची परतीची स्प्रिंग दस्त्याच्या पोटात असते. दस्ता काढला की यंत्रणेचाच एक भाग उघडा पडतो. तिथे त्या स्प्रिंगला जागा ठेवून खास बनविलेला तुकडाच लागतो.

कायदा येथे वेगळा

हे सर्व ऐकल्यावर मी भाच्याला विचारले, तुला हा तुकडा मागवायला परवाना लागला का? तो हसला. टपालाने आला, म्हणाला, जसे सायकलचे पेडल यावे.

त्याचे कारण असे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात, १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार, रिसीव्हर हीच बंदूक मानली जाते. नंबर त्याच्यावर कोरलेला, नोंद त्याची, विक्रीचे निर्बंध त्याला. दस्ता किंवा जोडतुकडा हे नुसते सामान. तरीही तिथेही मोकळे रान नाही. दस्ता असलेल्या रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा, शॉटगनची १८ इंचांपेक्षा आणि एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी झाली तर तो १९३४ च्या कायद्याचा वेगळा विषय होतो. परदेशातून आलेल्या काही बंदुकांत परदेशी भाग किती असावेत याची यादी आहे आणि तीत दस्ता मोजला जातो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात सरकता दस्ता आपोआप भरणाऱ्या बंदुकीला लावला की गुन्हा होऊ शकतो. म्हणजे टेक्सासमध्ये बसविलेला तुकडा घेऊन शेजारच्या राज्यात जातानाही शहाणा माणूस चौकशी करतो.

आपल्याकडे मुळातच उलट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे सुटे भाग येतात, आणि शस्त्रे बनविण्याची यंत्रसामग्रीही येते. कलम ५ प्रमाणे बनविणे, विकणे, हस्तांतरित करणे, रूपांतर करणे, दुरुस्त करणे, यांतील काहीही परवान्याशिवाय करता येत नाही. कलम १० प्रमाणे परदेशातून आणण्यालाही परवाना लागतो, म्हणून पाहुण्याच्या बॅगेतून 'नमुन्याला एक' मागविणेही नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा कमीत कमी ७ वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी आहे.

एखादा विशिष्ट तुकडा 'सुटा भाग' ठरतो की नुसते उपसाधन, यावर वकील वाद घालू शकतील. पण तो वाद कोर्टात होतो, आणि तोवर लेथ सीलबंद, कारागीर आत आणि घरची चूल थंड. 'मला काय माहीत, मी नमुन्याप्रमाणे काम केले' हे सांगणे तिथे कितपत चालेल, ते ज्याने त्याने ठरवावे. ज्याच्याजवळ रीतसर परवान्याची बंदूक आहे आणि दस्ता बदलायचा आहे, त्याने परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच जावे. लेथवाल्याचा भाव निम्मा असला तरी. आणि ज्याला हा धंदाच करायचा आहे, त्याच्यासाठी २०१६ च्या शस्त्र नियमांत निर्मितीच्या परवान्याची वाट आहे. वाट लांब आहे, पण आहे.

चौथ्या दिवशी मी लेथवाल्याबरोबर त्याच्या दुकानात बसलो. ते गृहस्थ आले. कामात खोट काढली नाही, भावाचाही प्रश्न नव्हता. आम्ही एवढेच म्हटले की, आपल्या परवान्याची एक प्रत आणि ऑर्डर छापील कागदावर, सहीशिक्क्यासह द्या. ते म्हणाले, आणतो, त्यात काय. नमुना व कागद बॅगेत टाकून गेले. ते काही फिरले नाहीत.

लेथवाल्याचा चेहरा पडला होता. ३०० नगांचे काम, तेही मंदीच्या महिन्यात, आणि हातातून जाऊ देण्याचा सल्ला माझा. माझ्या क्रीलला जुन्या होल्डरवर नव्या उताराचे कोन धरतील असे बुश हवेच होते, म्हणून ४० नगांची ऑर्डर मी त्याला दिली. मापे लिहून दिली. त्याने कागद बाजूला ठेवला, माझ्याकडून एक कोन आणि एक होल्डर मागून घेतला आणि दोन्ही स्वतः पुन्हा मोजले.